मशीनला झळ लागू नये म्हणून

भाईदास आबांशी बोलताना वाक्याचा शेवट जरा जपून करावा लागतो, कारण ते तेवढाच उचलतात. "आबा, उद्या नळ येणार नाही." "येणार नाही." "आबा, केळीचा भाव पडला." "पडला." खर्जातला आवाज, मान दोनदा खाली-वर, आणि मग गप्प. बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या दापोऱ्यात त्यांच्या ओट्यावर बसून माणूस तासभर बोलतो, चहा पितो, उठून घरी जातो, आणि जेवताना त्याच्या लक्षात येतं की आबा स्वतःहून एक शब्दही बोललेले नाहीत.

त्या घरात बोलायचं काम आशाबाईंकडे होतं. त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या आणि गल्लीच्या टोकाचा दुकानदार उत्तर द्यायचा. दूधवाला, मीटर बघायला येणारा, केळीचा व्यापारी, सगळे आधी आबांना नमस्कार करायचे आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून मुद्द्याचं बोलायचे. गेल्या थंडीत आशाबाईंना लकवा झाला. डावा हात आणि डावा पाय गेला, आणि बोलणं असं झालं की बंद पडत आलेल्या नळासारखा एकेक शब्द पडायचा. सूर मात्र तोच. "चहा," एवढंच म्हणायच्या, पण त्यात साखर जास्त पडली आहे, दूध कालचं आहे आणि करणाऱ्याला अजून अक्कल आलेली नाही, हे सगळं बरोबर ऐकू यायचं. करणारे आबाच होते. ते म्हणायचे, "चहा," आणि दुसरा टाकायला आत जायचे.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, इनको गर्मी से बचाना. आता आमच्याकडे मे महिन्यात माणसाला गरमीपासून वाचवायचं म्हणजे मासोळीला पाण्यापासून वाचवण्यासारखं आहे. म्हणून ललितभाऊने एसी बसवून दिला. ललितभाऊ म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, इंदूरला ऑफिसात असतो आणि घरी आला तरी मीटिंगमध्येच असल्यासारखा बोलतो.

"पॉइंट असा आहे आबा," बोटांनी हवेत एक डबी काढत तो म्हणाला, "एसी चालला, तं आई इथं. नाही चालला, तं मी येऊन घेऊन जाईन. सिंपल."

"सिंपल," आबा म्हणाले.

"नाही," खाटेवरून आशाबाई म्हणाल्या. लकव्यानंतर इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून तोवर निघाला नव्हता.

दवाखान्यातून सुटल्यावर त्या इंदूरला काही दिवस राहून आल्या होत्या. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. सून प्रतिभावहिनी चांगली, वेळेवर गोळ्या, मऊ वरण-भात, टीव्ही. पण दार लावलेलं. परत आल्यावर त्याच गल्लीतल्या आमच्या आईने विचारलं, कसं होतं तिथं? आशाबाईंनी बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाल्या, "मुकं." त्या घरात त्यांना रागवायला कोणी नव्हतं. इथं निदान आबा होते.

आणि आबांना काय हवं होतं, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याचाच शेवटचा शब्द परत केला असता.

एसीचा आतला डबा आशाबाईंच्या खाटेसमोर लागला आणि बाहेरचा घरामागच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर. ती भिंत पश्चिमेची. पुढे मोकळं पटांगण, त्यापुढे केळीच्या बागा, आणि दुपारचा तापलेला वारा सरळ त्या भिंतीवर येऊन आपटतो. बसवणारी पोरं स्क्रू आवळत होती तेव्हा आबा मागे हात बांधून उभे होते.

"पश्चिम आहे," ते म्हणाले. हे ते स्वतःहून बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कुछ नहीं होता आबा. ये बाहर के लिए ही बना है."

"बना है," आबा म्हणाले. पोरांची मोटरसायकल वळणाआड गेली तसे ते शेडमध्ये गेले आणि हिरव्या जाळीचा गुंडा घेऊन आले.

केळीवाल्याला पश्चिम म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. बागेच्या पश्चिमेला वारा अडवायला शेवरीची झाडं लावायची, शेवरी कमी पडली तर हिरवी जाळी बांधायची, घड लागला की त्याला वाळक्या पानांनी झाकायचं, कोवळ्या रोपाला सावली करायची. लू, म्हणजे ती उन्हाळी झळ, एकदा बागेत शिरली की पानं फाटतात आणि घड काळे पडतात. आबांनी जन्मभर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यापासून काही ना काही झाकलं होतं. आणि या डब्यात तर आशाबाईंचा श्वास होता. त्यांनी जाळी दुहेरी केली, डब्याभोवती चारी बाजूंनी गुंडाळली, वरून गोणपाट ओलं करून टाकलं आणि सुतळीने असं आवळलं की लग्नातला आहेरसुद्धा इतका नीट बांधत नाहीत. ऊन चढलं की गोणपाटावर पुन्हा तांब्याभर पाणी.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. गल्लीतल्या सगळ्यांना ते पटलं. आमचे वडील तर म्हणाले, जपतो माणूस.

सकाळी खोली गार व्हायची. ऊन डोक्यावर आलं की आतल्या डब्यातून वारा यायचा, पण तो कसा, तर बस थांबल्यावर इंजिनाजवळ उभं राहावं तसा. मध्येच बाहेर टक् असा आवाज व्हायचा, थोडा वेळ गार यायचं, आशाबाई डोळे मिटायच्या, आणि पुन्हा गरम. त्यांचा चेहरा लाल व्हायचा, तोंड कोरडं पडायचं. आबा एका हाताने त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायचे आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन मागच्या दाराने मशीनकडे जायचे. मशीनला पाणी, मग आशाबाईंना पाणी, मग परत मशीनला.

पहिले तज्ज्ञ आले ते शेजारचे कडूभाऊ. गावातला पहिला कूलर कडूभाऊंकडे आला होता, तेव्हापासून थंडीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

"मी तं पहिल्याच दिवशी बोल्लो होतो," ते म्हणाले. पहिल्या दिवशी ते जळगावला लग्नाला गेले होते. "रिमोट आणा. हे पाहा, इथं बर्फ दाखवून राह्यला. बर्फाचं काय काम? बर्फ काय आपल्या इकडं पडतो? हा पाहा, हा थेंब. थेंब म्हणजे पाणी. पाणी म्हणजे गार. बरोबर का चूक?"

"चूक," आबा म्हणाले, कारण शेवटचा शब्द तोच होता.

"बरोबर आहे हो," कडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी थेंबावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा गार झालं नाही. मग आमच्याकडून कोणीतरी जाऊन परत बर्फावर आणलं. कडूभाऊंना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, मी तं पहिल्याच दिवशी बोल्लो होतो, बर्फाले हात लावू नका.

मग आबांनी कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू, ओट्यावर, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांनीच लावला म्हणा. आतून एक बाई मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली, "हिंदी के लिए दो दबाएँ."

"दबाएँ," आबा म्हणाले.

"आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है."

"महत्त्वपूर्ण है." आबांनी मान दोनदा हलवली. त्यांना खरंच बरं वाटलं असावं. मग फोनमध्ये पेटी वाजायला लागली, तीच तीच, थांबेचना. आबा कान देऊन ऐकत बसले. कोणी वाजवत असताना मध्येच उठून जाणं त्यांना जमत नाही.

शेवटी एक पोरगा आला, प्रत्येक वाक्याच्या दाराशी 'सर' उभा करणारा. "सर, क्या आपने रिमोट चेक किया? सर, क्या आपने फ़िल्टर साफ़ किया? सर, कूलिंग बिल्कुल नहीं है या कम है?"

आबांना आता उत्तर द्यायचं होतं. त्यांनी श्वास घेतला. "सकाळी आहे," ते म्हणाले, "दुपारी नाही."

"सर, मैं आपकी असुविधा समझ सकता हूँ."

"समझ सकता हूँ," आबा म्हणाले, आणि हे मात्र फार हळू म्हणाले.

तक्रार नोंदली गेली आणि बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून नीलेश मिस्त्री आला. उंच, गालात सुपारी, बोलताना अर्धं मराठी अर्धं हिंदी आणि प्रत्येक वाक्याला शेपूट, "समझे ना?" येण्याआधी त्याने फोन केला, सकाळी निघतो म्हणून. आबा उठले, मागे गेले, सुतळी सोडली, गोणपाट काढून दगडावर वाळत घातलं, जाळीची घडी केली, डबा ओल्या फडक्याने पुसला. डॉक्टर येणार म्हटल्यावर पेशंटचा सदरा काढून ठेवतात, तसं. त्यात त्यांना सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि आम्हालाही नाही.

नीलेशने फिल्टर काढून धुतलं, बाहेर जाऊन नळीला गॅस मोजायचं घड्याळ लावलं, आत येऊन आतल्या डब्यासमोर हात धरला. सकाळचं कोवळं ऊन, उघडा डबा. वारा असा गार आला की आशाबाई म्हणाल्या, "चादर."

"लो. अम्मा को ठंडी लग गई," नीलेश म्हणाला. "चालून तं राह्यला आबा. मस्त चालून राह्यला. फिल्टर में रुई थी, बस. समझे ना?"

आबांनी त्याला चहा दिला. तो गेला. ऊन चढायला लागलं तसे आबा मागे गेले आणि गोणपाट भिजवून जाळीसकट परत नीट बांधून आले. दुपारी वारा पुन्हा इंजिनाचा.

नीलेश परत आला. परत सकाळी, परत फोन करून. परत उघडा डबा, परत चादर. या वेळी त्याने सगळं तपासलं. "गॅस बरोबर. व्होल्टेज बरोबर. कॉम्प्रेसर बरोबर. मग खराबी कुठं आहे?"

"दुपारी आहे," आबा म्हणाले.

नीलेशने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "दुपारी?"

"दुपारी या."

"आबा, देखो, ऐसा है. दुपारी आख्ख्या बुऱ्हाणपूरचे एसी बोंबलून राह्यले. आसीरगडापर्यंत फोन वाजून राह्यला माझा. चालता एसी पाहायले मी भर दुपारी दापोऱ्याले येऊ? समझे ना?"

आबांना ते समजलं. त्यांना नेहमी दुसऱ्याचं समजतं, तीच अडचण आहे. त्यांनी चहा दिला.

जाताना नीलेशने ललितभाऊला फोन केला. स्पीकरवर, आमच्या दारासमोर. "भैया, मशीन एकदम ओके. अठरा पे चल रही है. बाबूजी को न, थोडा वहम है. उमर है. समझे ना?"

त्या संध्याकाळी ललितभाऊने आबांना फोनवर विचारलं, "आबा, पॉइंट असा आहे, मिस्त्री म्हणतो चालून राह्यलं. तुम्ही म्हणता नाही. तुम्ही रिमोटाले हात लावता का?"

"नाही लावत."

"मग?"

आबांकडे 'मग' उचलण्याइतकाही जोर नव्हता.

त्यांना वाटलं, झळ आपल्या बांधण्यातून कुठूनतरी आत शिरते आहे. त्यांनी आतून गोधडी आणली. आशाबाईंनी शिवलेली, जाड, जुन्या लुगड्यांची. ती जाळीखाली घातली. गोणपाटं दोन केली. आता पाणी टाकून टाकून भिंतीखाली चिखल झाला आणि त्यात आमच्या गल्लीतली कुत्री येऊन बसायला लागली. कडूभाऊ पाहून म्हणाले, आता झळेच्या बापालाबी जाता येणार नाही. आत आशाबाईंना मात्र आता दुपारी अजिबातच गार मिळेना. टक् व्हायचं, आणि लगेच पुन्हा टक्.

त्यातल्याच एका दुपारी त्यांना ताप चढला. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, शब्द काही पडत नव्हता. आमची आई कांद्याचा रस घेऊन धावली. आबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते, आशाबाईंचा बरा पाय हातात धरून, आणि समोरच्या डब्याकडे बघत होते. डब्यावर हिरवा आकडा पेटलेला होता, अठरा. आबांना अठरा म्हणजे काय ते माहीत होतं. खोलीत काय होतं, तेही माहीत होतं. या दोन्हींच्या मध्ये काय झालं ते कोणाला विचारावं, हे माहीत नव्हतं.

आईने सांगितलं, ललितला कळवू नका भाऊजी, उतरेल ताप. आबांनी मान हलवली. ललितभाऊचा फोन आला. "आई कशी आहे?" एवढाच प्रश्न. आबांनी 'कशी आहे' म्हणून पाहिलं, पण ते प्रश्नाला उत्तर होत नाही. मग त्यांनी ताप सांगून टाकला. खोटं बोलायला माणसाकडे स्वतःचे शब्द लागतात.

"रविवारी येतो," ललितभाऊ म्हणाला.

तो आला तो भर दुपारी, पांढऱ्या गाडीतून, शर्टाला घाम नाही. खोलीत शिरला आणि त्याचं तोंड उतरलं. आईच्या कपाळाला हात लावला. मग त्या गरम वाऱ्यासमोर हात धरला, बराच वेळ, जसं काही वारा आता तरी त्याचं ऐकेल. आबा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड दिसला. आपण खोटं बोलत नव्हतो, हे कोणीतरी हात लावून पाहिलं होतं.

ललितभाऊने नीलेशला व्हिडिओ कॉल लावला. नीलेश कुठल्या तरी गच्चीवर होता, डोक्याला पंचा, तोंडात तीच सुपारी.

"ये देखो. तुम बोले ओके है. ये ओके है?"

"भैया, आउटडोर दिखाओ."

ललितभाऊ मागे गेला. आम्ही सगळे मागोमाग. त्याने फोन भिंतीकडे धरला. पलीकडे नीलेशने फोन डोळ्याजवळ नेला असावा, कारण पडदाभर त्याचा एकच डोळा आला.

"ये किसका बिस्तर है?"

"यही है आउटडोर," ललितभाऊ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बदलला.

"भैया, इसको खोलो. पहले खोलो. इसका दम घुट रहा है. अंदर की सारी गर्मी ये बाहर फेंकता है, समझे ना? फेंके कहाँ? रजाई में?"

सुतळी ओल्याने फुगली होती, सुटेना. आबांनीच विळा आणून कापली. गोणपाट, गोणपाट, जाळी, गोधडी. ललितभाऊने डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टक् झालं, आतलं पातं फिरायला लागलं आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडावर असा फुफाटा आला की कुत्रीसुद्धा उठून गेली.

आबा त्या गरम हवेत उभे राहिले. हलले नाहीत. "हे बाहेर फेकते?" त्यांनी विचारलं. आमच्या आठवणीत आबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. "मले वाटलं, बाहेरचा वारा आत ओढते. आणि गार करते. म्हणून मी बाहेरचा वारा..." पुढचं त्यांनी हातांनी सांगितलं, काहीतरी गुंडाळून.

खरं म्हणजे आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. कूलर तसाच असतो, बाहेरचा वारा आत ओढतो. ओल्या गवतातून घेतो आणि गार करतो. आमच्या अख्ख्या गावाने कूलर पाहून एसी ओळखला होता. पण ते त्या वेळी कोणी बोललं नाही. आम्ही जाळीची घडी करत होतो.

"मी तं पहिल्याच दिवशी बोल्लो होतो," कडूभाऊ म्हणाले, "मोकळं ठेवा."

आत खोली गार होत गेली. खरी गार, दुपारची. आशाबाईंच्या तोंडावरची लाली उतरली, थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या गर्दीकडे पाहून म्हणाल्या, "कोण मेलं?" दोन शब्द, एका दमात. आमची आई हसली आणि तिने डोळे पुसले. आबा आत आले, डब्यासमोर हात धरला, मग तोच गार हात आशाबाईंच्या गालाला लावला.

"झालं," ते ललितभाऊला म्हणाले. "चालून राह्यलं."

ललितभाऊ खाटेवर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. "आबा, आईच्या गोळ्या कुठं आहेत? बॅगेत भरा."

"पण चालून राह्यलं."

"पॉइंट असा आहे," ललितभाऊ म्हणाला, आणि या वेळी त्याने हवेत डबी काढली नाही, हात मांडीवरच राहिले. "मशीन पहिल्यापासून चालून राह्यलं होतं. मशीन बिघडलं असतं, तं आज दुरुस्त करून मी परत गेलो असतो."

आबा उभे राहिले. वाक्य संपलं होतं, शेवट समोरच पडला होता, पण त्यांनी तो उचलला नाही.

"मी इथं राहात नाही," ललितभाऊ पुढे म्हणाला. तो चिडलेला नव्हता. "उद्या गोळ्यांचं काही असं झालं. तुम्ही चांगल्यासाठीच कराल. मले माहीत आहे चांगल्यासाठीच कराल. मी इंदूरला बसून काय करू? मिस्त्रीले फोन लावू?"

"नाही," आशाबाई म्हणाल्या.

"आई, पाऊस लागेपर्यंत. थंड झालं की परत."

"नाही."

ललितभाऊने तिचा बरा हात दोन्ही हातांत धरला. मग तिने आबांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सगळं वाक्य होतं, लांब, तिखट, पूर्वीसारखं. आबांनी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली. आबा म्हणाले, "गोळ्या फडताळात आहेत," आणि आणायला गेले.

गाडीपर्यंत त्यांनीच तिला उचलून नेलं. डावा पाय लोंबत होता, तो ते मध्येच थांबून कोपराने सावरत होते. मागच्या सीटवर बसवून उशी लावली. ललितभाऊ म्हणाला, "केळीची कटाई झाली की तुम्हीबी या आबा. थोडे दिवस."

"थोडे दिवस," आबा म्हणाले. व्यापाऱ्याची गाडी त्याच आठवड्यात ठरलेली होती, घड तयार होते, बाग सोडून जाता येण्यासारखं नव्हतंच. आशाबाईंनी काच खाली करायला सांगितली, पण ती कशी करायची ते आबांना सापडलं नाही. ललितभाऊने पुढून केली. तोवर त्यांना जो शब्द म्हणायचा होता तो निसटला असावा. त्यांनी नुसती आबांच्या सदऱ्याची गळ्याजवळची सुटलेली गुंडी लावली, एका हाताने, वेळ घेऊन. गाडी गेली.

कटाई झाली. घड चांगले निघाले. आबा इंदूरला जाऊन आले, लवकरच आले. कसं होतं, असं आमच्या आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कसं होतं." पाऊस लागला, थांबला, पुन्हा ऑक्टोबरचं ऊन पडलं. ललितभाऊ म्हणतो, इथं फिजिओवाली चांगली मिळाली आहे, प्रगती आहे, मधेच नको तोडायला. त्याचंही खरं आहे. आमच्या घरातही सगळे म्हणतात, त्याचंही खरं आहे.

रोज दुपारी आबा एसी लावतात. मशीन बंद राहिलं की बिघडतं, असं कडूभाऊंनी त्यांना सांगितलं आहे. खोलीत ते बसत नाहीत. उंबऱ्याबाहेर, पडवीत, पाठ भिंतीला लावून बसतात आणि इंदूरला फोन लावतात. स्पीकर चालूच असतो. प्रतिभावहिनी फोन आशाबाईंच्या कानाशी धरते.

"चालून राह्यलं," आबा सांगतात. "गार आहे."

परवा पलीकडून आशाबाईंचा आवाज आला, पूर्वीपेक्षा मोकळा. फिजिओवालीचा गुण म्हणायचा. "कुठं बसले?"

"बसलो," आबा म्हणाले. "पडवीत."

"दार उघडं?"

"उघडं."

"लावा," आशाबाई म्हणाल्या. "गार जाते."

आबा फोन हातात धरून उठले. दाराची कडी धरली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असे ते बराच वेळ उभे होते. दार लावायचं होतं, पण आत राहून लावायचं की बाहेर राहून, ते तिने सांगितलं नव्हतं, आणि विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता.